वाचकांचे प्रश्न : डॅली मेसेंजर, १८० पौंड आणि तेरा जणांचं रग्बी

मागच्या अंकात सिडनीच्या डॅली मेसेंजरवर (१८८३–१९५९) एक छोटं टिपण आलं होतं. रग्बी युनियनचा हा तारा १९०७ मध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या गोटात गेला, त्याच्या जोरावर ऑस्ट्रेलियात रग्बी लीग उभं राहिलं, आणि १९११ च्या मोसमात त्यानं २७० गुण केले, एवढाच त्याचा आशय. जागेअभावी बरंच राहून गेलं होतं आणि वाचकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : युनियन आणि लीग हे दोन वेगळे खेळ आहेत की एकाच खेळाच्या दोन संघटना? मेसेंजरनं नेमकं काय सोडलं आणि काय धरलं?

आज ते दोन वेगळे खेळ आहेत. १९०७ मध्ये चित्र एवढं स्पष्ट नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

सुरुवात इंग्लंडमधली. उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींच्या शहरांत रग्बी खेळणारे बहुतेक कामगार. सामन्यासाठी शनिवारी खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडायची. क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की ही बुडालेली मजुरी आम्हाला भरून देऊ द्या. हौशी खेळाच्या नावाखाली रग्बी युनियनच्या संघटनेनं नकार दिला. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेऊन नॉर्दर्न युनियन काढली; तिच्याच खेळाला पुढे रग्बी लीग हे नाव पडलं. खाड्यापोटी दिवसाला ६ शिलिंग देण्याची मुभा ठेवली. पगारी खेळाडू हा विषय त्या दिवशी नव्हता.

नियम मागाहून बदलत गेले, तेही तिकीटबारीकडे एक डोळा ठेवून. १८९७ मध्ये लाइनआउट (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं) काढून टाकला आणि कुठलाही गोल (किक मारून चेंडू खांबांमधून, आडव्या दांडीवरून धाडणं) सरसकट २ गुणांचा केला. १९०६ मध्ये संघ १५ वरून १३ वर आणला. त्याच वर्षी टॅकल झालेल्या, म्हणजे पकडून पाडलेल्या, खेळाडूला उठू द्यायचं, त्यानं चेंडू जमिनीवर ठेवून पायानं पुन्हा खेळात आणायचा, हा नियम आला. दोन फॉरवर्ड (पुढच्या, रेटारेटी करणाऱ्या फळीतले) कमी झाले, ढिगाऱ्यात चेंडू अडकून पडणं कमी झालं आणि पळणाऱ्यांना मैदान मोकळं मिळालं. मेसेंजर थ्री-क्वार्टर, म्हणजे पळणाऱ्या-पास देणाऱ्या फळीतला, बहुतेक वेळा सेंटर. उंचीनं फार मोठा नव्हता. पण झपकन दिशा बदलायची, समोरच्याला एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूनं निसटायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवून शेवटच्या क्षणी पास सोडायचा, ही त्याची जात. त्याच्यासारख्याला तेरा जणांचा खेळ मानवणारच होता.

पण ऑगस्ट १९०७ मध्ये सिडनीत तो पहिल्यांदा बंडखोरांकडून उतरला, ते सामने जुन्या पंधरा जणांच्या युनियन नियमांनीच झाले. नव्या नियमांची ओळखच तिथे कोणाला नव्हती. म्हणजे त्यानं आधी संघटना सोडली आणि खेळ काही महिन्यांनी, इंग्लंडला पोचल्यावर बदलला.

प्रश्न : १८० पौंडांसाठी त्यानं देशाचा संघ सोडला असं टिपणात होतं. ही रक्कम त्या काळी खरंच इतकी मोठी होती का? हा सरळ लोभ म्हणायचा का?

आधी हिशेब मांडू. तीन सामन्यांसाठी १८० पौंड हा आकडा बहुतेक ठिकाणी छापलेला आढळतो. १ पौंड म्हणजे २० शिलिंग, तेव्हा १८० पौंड म्हणजे ३,६०० शिलिंग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी हार्वेस्टर खटल्यात अकुशल कामगाराची रास्त मजुरी ठरवली : दिवसाला ७ शिलिंग, सहा दिवसांच्या आठवड्याला ४२. ३,६०० ला ४२ नं भागलं की जवळजवळ ८६ आठवडे येतात. आठवड्याभरात खेळायच्या तीन सामन्यांचं मोल मजुराच्या दीड वर्षाहून अधिक कमाईएवढं. रक्कम मोठी होती यात वाद नाही.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू साउथ वेल्स विरुद्ध न्यूझीलंड हा युनियनचा सामना सिडनी क्रिकेट ग्राउंडवर झाला. पन्नास हजारांवर माणूस तिकीट काढून आत गेला. पैसा युनियनच्या तिजोरीत. आणि ॲलेक बर्डन नावाच्या फॉरवर्डला खेळताना दुखापत होऊन त्याचं काम बुडालं, तेव्हा त्याच युनियननं भरपाई द्यायला हात वर केले. खेळाडूंची कुजबुज इथूनच वाढली. त्यांच्या बैठका मार्केट स्ट्रीटवरच्या ज्या खेळसाहित्याच्या दुकानात व्हायच्या, ते दुकान होतं व्हिक्टर ट्रंपरचं. होय, तोच ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटमधला फलंदाज. ८ ऑगस्ट १९०७ रोजी बेटमन्स हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीगची स्थापना झाली. हेन्री हॉयल अध्यक्ष, जेम्स गिल्टिनन चिटणीस, ट्रंपर खजिनदार.

या तिघांपुढे अडचण साधी होती. न्यूझीलंडचा व्यावसायिक संघ नऊ दिवसांत खेळायला उतरणार, आणि आपल्याकडे लोक बघायला येतील असं नाव एकही नाही. नाव एकच होतं. मेसेंजर घरच्यांशी बोलल्याशिवाय हो म्हणणार नव्हता, म्हणून गिल्टिनन आणि ट्रंपर त्याच्या घरी गेले. आईनं होकार दिला तेव्हा गाडी पुढे सरकली. १७ ऑगस्टच्या शनिवारी रॉयल ॲग्रिकल्चरल ग्राउंडवर सुमारे २० हजार लोक आले. पाहुणे १२–८ नं जिंकले, पण लीगच्या दृष्टीनं निकाल गौण होता. तिकिटं खपली, पुढच्या वर्षी क्लबांची स्पर्धा घेण्याइतकं भांडवल आणि हुरूप दोन्ही आलं.

लोभ म्हणायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आमच्या मते ही खेळाडूची फी नव्हतीच, एका नव्या धंद्याच्या जाहिरातीचा खर्च होता, आणि त्या हिशेबानं तो स्वस्तात पडला. शिवाय जोखीम एकतर्फी होती. युनियननं त्याला कायमचं बाहेर काढलं आणि आपल्या दप्तरातून त्याच्या कामगिरीची नोंद पुसून टाकली. त्यात न्यूझीलंडविरुद्धच्या १९०७ मधल्या दोन कसोट्याही आल्या. लीग सहा महिन्यांत बुडाली असती, तर २४ वर्षांच्या या माणसाला खेळायला मैदानच उरलं नसतं.

प्रश्न : हा ऑस्ट्रेलियन. मग १९०७-०८ मध्ये न्यूझीलंडच्या संघातून इंग्लंडला कसा गेला?

तो संघ कुठल्याही अधिकृत संघटनेचा नव्हता, म्हणून ते जमलं. वेलिंग्टनच्या आल्बर्ट बास्करव्हिलनं तो उभा केला होता. प्रत्येक खेळाडूनं ५० पौंड घालायचे, त्यातून दौऱ्याचा खर्च काढायचा आणि नफा वाटून घ्यायचा, अशी भागीदारी. न्यूझीलंडच्या युनियन संघाच्या ‘ऑल ब्लॅक्स’ या नावावरून टीकाकारांनी यांना ‘ऑल गोल्ड्स’, म्हणजे पैशासाठी खेळणारे, म्हणून हिणवलं. पुढे तेच नाव अभिमानानं मिरवलं गेलं. सिडनीतले तीन सामने पाहिल्यावर त्यांनी मेसेंजरला बरोबर घेतलं. संघात तो एकटाच ऑस्ट्रेलियन, आणि दौऱ्यात सर्वाधिक गुण त्याचेच.

इंग्लंडला उतरले तेव्हा यांतल्या कोणीही तेरा जणांचा खेळ खेळलेला नव्हता. सरावाला मिळाले मोजके दिवस. पंधरा जणांच्या सवयी अंगात भिनलेल्या. टॅकल झाल्यावर चेंडू सोडायचा की धरून उभं राहायचं, इथपासून शिकावं लागलं. तरीही त्यांनी कसोटी मालिका २–१ अशी जिंकली : पहिली हेडिंग्लीला १४–६ नं गमावली, दुसरी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर १८–६ आणि तिसरी चेल्टनमला ८–५ नं जिंकली. परतीच्या वाटेवर मे १९०८ मध्ये ब्रिस्बेनला बास्करव्हिल न्यूमोनियानं गेला. वय अवघं २५.

मेसेंजरच्या त्या दौऱ्याचं खरं मोल गुणांत नाही. ऑस्ट्रेलियातला तो पहिला माणूस, ज्याला नवे नियम खेळून माहीत होते. १९०८ मध्ये सिडनीतल्या क्लबांनी पहिली स्पर्धा सुरू केली तेव्हा बाकीचे नियमपुस्तक वाचून खेळत होते.

प्रश्न : पहिल्या कांगारू दौऱ्यानं (ऑस्ट्रेलियाच्या लीग संघाच्या इंग्लंड दौऱ्यानं) लीगचं दिवाळं काढलं असं वाचलं. इतके सामने खेळून तोटा कसा?

दिवाळं लीगचं निघालं नाही, गिल्टिननचं निघालं. १९०८-०९ चा दौरा त्यानं स्वतःच्या पैशावर आणि उधारीवर काढला होता. उत्पन्न सगळं तिकिटांवर, आणि तिकिटं घेणारे लँकेशरमधले गिरणीकामगार. नेमकी त्या दौऱ्याच्या काळात तिथल्या कापड गिरण्यांमध्ये संप-टाळेबंदी. घरात मजुरी नाही तर सामन्याला कोण येणार? त्यात हवामानही वाईट.

दुसरी चूक ठिकाणांची. खेळाचा प्रसार व्हावा म्हणून मोठे सामने नॉर्दर्न युनियनच्या मुलखाबाहेर ठेवले. पहिली कसोटी १२ डिसेंबर १९०८ रोजी लंडनच्या पार्क रॉयलवर झाली, आणि प्रेक्षक जेमतेम दोन हजार. सामना मात्र २२–२२ असा रंगला. दुसरी न्यूकॅसलला, तिथे गर्दी चांगली झाली. तिसरी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर. या दोन्ही यजमानांनी १५–५ आणि ६–५ नं जिंकल्या. गिल्टिनन सिडनीला परतला तो कर्जबाजारी होऊन. १९०९ मध्ये तो, हॉयल आणि ट्रंपर तिघांच्याही हातून लीगचा कारभार गेला. आज साखळी फेरीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणाऱ्या ढालीला गिल्टिननचं नाव आहे. त्याच्या हयातीत न फिटलेलं देणं म्हणा हवं तर.

प्रश्न : तेव्हा किकिंग टी (किक मारायचा चेंडू उभा ठेवायची बैठक) नव्हता. मग चेंडू उभा कसा करायचे? मेसेंजरच्या अचाट लांबीच्या किकांवर कितपत विश्वास ठेवावा?

चेंडू उभा करायचं साधन म्हणजे बुटाची टाच. जागा ठरली की टाच जमिनीत दाबून फिरवायची, अंगठ्याभर खोलीचा खळगा पडतो. उकरलेली माती खळग्याच्या मागच्या कडेला दाबून घ्यायची आणि चेंडूचं टोक त्यात रोवायचं. चामड्याच्या चेंडूला एका शिवणीवर वादी असायची, आतला रबरी फुगा तिथूनच बसवत. ही वादी गोलच्या दिशेला ठेवायची. पायाकडे राहिली तर बुटाचं टोक वादीच्या उंचवट्यावर आदळतं आणि चेंडू हमखास तिरका जातो.

मारायची पद्धत सरळ धावत येऊन बुटाच्या टोकानं. आजच्यासारखं बाजूनं वळसा घेऊन पायाच्या आतल्या बगलेनं मारणं फार पुढचं. घोट्यापर्यंत येणारे जाड चामड्याचे बूट, टोकाशी कडक. टेकायचा पाय चेंडूच्या बाजूला, किंचित मागे. नजर चेंडूच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर. मारल्यावर पाय गोलच्या रेषेतच वर गेला पाहिजे. टोकाची किक लांब जाते, पण तिला माफी नाही. चेंडूला भिडणारा भाग दोन बोटांएवढा, त्यामुळे मध्यापासून जरा सरकला की चेंडू खांबाबाहेर.

बिघडायचं काय काय? पावसात चामडं पाणी पितं. उत्तरार्धात तोच चेंडू जड होतो आणि दहा-पंधरा यार्ड कमी जातो. चिखलात खळगा धरत नाही, चेंडू मारायच्या आधीच कलतो. कोरड्या, टणक मैदानात उलटा त्रास : खळगा उथळ राहतो आणि वाऱ्यानं चेंडू पडतो. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची होती. तो चेंडू आजच्यापेक्षा गुबगुबीत होता, त्यामुळे ड्रॉप किकला (चेंडू हातातून सोडून, जमिनीवरून उसळताच मारायची किक) जमिनीवरून सरळ उसळायचा. ड्रॉप गोल तेव्हा इतके का दिसतात, त्यामागे हेही एक कारण.

कोपऱ्यात झालेल्या ट्रायनंतर (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) मारायच्या किकचा कोन किती अवघड असतो, ते आकड्यांत पाहा. मैदान ६८ मीटर रुंद, खांबांमधलं अंतर साडेपाच मीटर. अगदी कडेच्या रेषेवरून १० मीटर मागे उभं राहिलं तर खांबांमधली फट दिसते सुमारे अडीच अंशांची. २० मीटर मागे गेलं की चार अंश, ३० मीटरवर साडेचारच्या थोडी वर. त्यापुढे मागे जाऊन फायदा जवळपास नाहीच. पण २० वरून ३० वर जाताना किकची लांबी ३९ मीटरवरून ४५ वर जाते. अर्ध्या अंशासाठी सहा मीटर! कोरडा चेंडू असेल तर ३०, भिजलेला असेल तर २०, हा साधा हिशेब. ज्याची ताकद जास्त त्याला मागे जाणं परवडतं, आणि मेसेंजरला ते परवडत होतं.

आता लांबीच्या कथा. जमिनीवर फीत धरून कोणी मोजत नव्हतं. वार्ताहर प्रेक्षागृहातून अंदाज लिहायचा. पडताळा मात्र घेता येतो. मैदान ११० यार्ड लांब, म्हणजे मध्यरेषेच्या मधोमधून गोल ५५ यार्ड. मध्यरेषा आणि कडेची रेषा मिळतात त्या कोपऱ्यातून सुमारे ६६. म्हणून बातमीत ‘मध्यरेषेवरून, कडेलगत’ असं असेल तर ६०–६६ यार्ड पटण्यासारखं आहे. ७५ यार्डांचा दावा असेल तर किक कडेलगत असली तरी स्वतःच्या अर्ध्यात सुमारे १० यार्ड आत असायला हवी, मधोमध असली तर २०. बातमीत तसं म्हटलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

प्रश्न : एका मोसमात २७० गुण. आजच्या खेळाडूंशी तुलना करायची तर कशी?

नुसता आकडा शेजारी ठेवू नका, एवढं पहिलं पथ्य. तेव्हा ट्राय ३ गुणांचा होता, आता ४ चा (१९८३ पासून). कन्व्हर्जन (ट्रायनंतरच्या किकचा गोल) आणि पेनल्टी गोल (प्रतिस्पर्ध्यानं नियम मोडल्यावर मिळालेल्या किकचा) तेव्हाही २, आताही २. ड्रॉप गोल तेव्हा २, आता बहुतेकदा १. शिवाय ‘मार्क’ हा प्रकार होता : प्रतिस्पर्ध्याची किक हवेतच स्वच्छ झेलून जागेवर टाच रोवली की मोकळी किक मिळे, आणि तिच्यावरून थेट गोल मारता येई. मेसेंजरसारख्या लांब मारणाऱ्यासाठी ही आयती संधी. हा मार्ग पुढे बंद झाला.

उदाहरण म्हणून पार्क रॉयलची ती २२–२२ ची कसोटी घ्या. ऑस्ट्रेलियाचे चार ट्राय (तीन जिमी डेव्हरोचे) आणि पाच गोल : १२ अधिक १०. आजच्या मोजणीनं तेच २६ होतील. म्हणजे तेव्हा एकूण गुणांत गोल मारणाऱ्याचा वाटा आजच्याहून मोठा पडे. जुना आकडा आजच्या मापात न्यायचा तर ट्राय आणि गोल वेगळे काढून, ट्राय चारनं गुणून, ड्रॉप गोल एकनं मोजून पुन्हा बेरीज करावी. एकूण गुणांना कुठलाही ठोक गुणक लावला तर उत्तर चुकणारच.

दुसरं, २७० मध्ये काय काय धरलंय? तो आकडा सगळ्या मोठ्या सामन्यांचा मिळून आहे : क्लबचे, राज्याचे, सगळे. क्लब-स्पर्धेत १९११ मध्ये आठ संघ, १४ फेऱ्या. आजचा मोसम याहून बराच लांब, म्हणून प्रति सामना सरासरी काढल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

तिसरं, टॅकलची मर्यादा. आज सहा टॅकलनंतर चेंडू सोडावा लागतो. तेव्हा मर्यादाच नव्हती; चेंडू हातचा जाईपर्यंत तुमचाच. फॉरवर्डांनी ठरवलं तर चेंडू थ्री-क्वार्टरपर्यंत पोचायचाच नाही. अशा खेळात सेंटरनं इतके गुण करणं जास्त कठीण, असं आमचं मत. हा उच्चांक १९३५ पर्यंत टिकला. तो मोडला मेसेंजरच्याच ईस्टर्न सबर्ब्स क्लबच्या डेव्ह ब्राउननं, आणि त्याच मोसमात त्यानं स्पर्धेत केलेले ३८ ट्राय आजही कोणाला गाठता आलेले नाहीत.

प्रश्न : १९११ मध्ये ईस्टर्न सबर्ब्सनं ग्लीबला हरवल्यावर पुन्हा त्यांच्याशीच अंतिम सामना का?

त्या वर्षीच्या नियमात साखळीत अव्वल आलेल्या संघाला हरल्यावर आव्हान देण्याचा हक्क होता. ग्लीब अव्वल होते, हरले, त्यांनी हक्क वापरला. १६ सप्टेंबर १९११ रोजी ॲग्रिकल्चरल ग्राउंडवर पुन्हा सामना झाला आणि मेसेंजरच्या नेतृत्वाखाली ईस्टर्न सबर्ब्स ११–८ नं जिंकले. क्लबचं हे पहिलं अजिंक्यपद. ग्लीबला ते शेवटपर्यंत मिळालं नाही. १९२९ नंतर तो क्लबच स्पर्धेतून गेला.

प्रश्न : ‘डॅली’ हे नाव कुठून आलं? त्याचं खरं नाव काय?

हर्बर्ट हेन्री मेसेंजर. जन्म १२ एप्रिल १८८३, सिडनीतल्या बाल्मेनचा. वडील चार्ल्स वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यतींतले नामांकित, डबल बे इथे त्यांचं होड्यांचं शेड होतं. लहानपणी पोराचं पोट सुटलेलं; ते पाहून कोणाला तरी तेव्हाचे ढेरपोटे पुढारी विल्यम बीड डॅली आठवले आणि नाव चिकटलं. मोठेपणी ढेरी गेली, नाव राहिलं. वृत्तपत्रं त्याला ‘द मास्टर’ही म्हणत.

प्रश्न : ऐन भरात असताना १९११-१२ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो का गेला नाही? पुढे काय झालं?

दोनदा इंग्लंड करून झालं होतं, एकेका दौऱ्यात निम्मं-पाऊण वर्ष घराबाहेर, आणि १९११ मध्ये त्याचं लग्न झालं. त्यानं नकार दिला. संघ ख्रिस मॅककिव्हॅटच्या नेतृत्वाखाली गेला आणि मालिका जिंकूनही आला. मेसेंजर क्लबसाठी खेळत राहिला. ईस्टर्न सबर्ब्सनं १९११, १९१२ आणि १९१३ अशी सलग तीन अजिंक्यपदं मिळवून ॲग्रिकल्चरल सोसायटीची ढाल कायमची आपली केली, आणि क्लबनं ती कर्णधाराला, म्हणजे मेसेंजरला देऊन टाकली. १९१३ चा मोसम संपला तेव्हा तो तिशीचा होता, तिथेच थांबला. धाकटा भाऊ वॉली १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळला.

नंतरच्या आयुष्यात हॉटेलं चालवली. खेळातून मिळालेला पैसा जन्मभर पुरेल एवढा नव्हता. तेव्हाचे ‘व्यावसायिक’ खेळाडू म्हणजे आठवडाभर काम करून शनिवारी मोबदला घेणारे लोक. २४ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा इथे तो वारला, वयाच्या ७६ व्या वर्षी.

प्रश्न : त्या काळातले सामन्यांचे मूळ वृत्तांत घरबसल्या वाचता येतील का?

येतील, आणि फुकट. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ उघडा आणि वृत्तपत्रांच्या विभागात जा. शोधशब्द अर्थातच इंग्रजीत द्यायचे. नुसतं ‘मेसेंजर’ टाकलंत तर टपाल पोचवणारी पोरं आणि धर्मपत्रिका यांचा ढीग येईल. म्हणून आडनावासोबत क्लबचं नाव आणि ‘गोल’ किंवा ‘लीग’ हा शब्द जोडा. ‘एच. एच. मेसेंजर’ हा पूर्ण शब्दगट अवतरणचिन्हांत घालूनही पाहा. मग दशक, वर्ष, महिना असं क्रमानं गाळत चला आणि राज्य न्यू साउथ वेल्स निवडा.

सामने बहुधा शनिवारी, त्यामुळे ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’मध्ये सोमवारचा अंक पाहायचा. १९११ च्या अंतिम सामन्यासाठी म्हणजे १८ सप्टेंबर. त्यात निकाल, संघ आणि गुण मिळतात. खेळ कसा झाला हे वाचायचं असेल तर ‘रेफरी’ हे क्रीडा साप्ताहिक घ्या, ते बुधवारी निघे.

फसगत कुठे होते? छापील पानावरून यंत्रानं उचललेल्या मजकुरात ३ चा ८ आणि १ चा ७ होतो, म्हणून गुण नेहमी पानाच्या छायाचित्रावरून वाचा. शेजारच्या टंकित मजकुरावरून नको. गुणांची ट्राय-गोलशी बेरीज जुळते का ते तपासा. ३ आणि २ च्या हिशेबात न बसणारा आकडा कुठेतरी चुकलेलाच. ‘रग्बी’ शब्द दिसला म्हणून लीग समजू नका. १९०८ नंतर एकाच पानावर दोन्ही खेळांच्या बातम्या असतात, आणि लीगचा मथळा कधी ‘लीग फुटबॉल’, कधी ‘नॉर्दर्न युनियन’ असा येतो. क्लबच्या यादीत दोन मेसेंजर दिसले तर आद्याक्षरं बघा, दुसरा वॉली असतो. बास्करव्हिलचं स्पेलिंगही दोन प्रकारे छापलेलं मिळतं, दोन्ही टाकून शोधा.

प्रश्न : ‘डॅली एम’ पदक आणि ‘इमॉर्टल’ हा किताब एकच का?

नाही. ‘डॅली एम’ पुरस्कार १९८० पासून दरवर्षी दिले जातात. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक त्यातलंच. ‘इमॉर्टल’ हा फार थोड्यांना मिळणारा कायमचा मान, १९८१ मध्ये चौघांपासून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाआधीचे खेळाडू त्याच्या कक्षेत बराच काळ नव्हतेच. त्यामुळे पदकाला आपलं नाव असलेला मेसेंजर स्वतः ‘इमॉर्टल’ झाला तो ऑगस्ट २०१८ मध्ये, डेव्ह ब्राउन, फ्रँक बर्ज, नॉर्म प्रोव्हन आणि मॅल मेनिंगा यांच्याबरोबर.